बारशाआधी आबाची सनई

प्रिय आबा,

रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई. पोरगी गपगार निजली होती, तिच्यापायी न्हाई. तुझ्या सनईची सीडी घातली की आपलं डबडं नुसतं गरगर फिरवतंय, अन् वर इंग्रजीत काहीतरी येतंय. भावजींनी वाचून सांगितलं, "सीडीच न्हाई म्हणतंय." आत सीडी हाय की! मला वाटलं, तुझ्यामागं तुझी सनईबी गेली. परवा पोरीचं बारसं हाय, म्हून लिहायलेय.

आपला बाळू लातूरला क्लासला गेला तवा तुझ्या कॅसेटा घेऊन गेला. तिथं दुकानात त्याची सीडी केली. करताना जुन्या फितीच तुटल्या. आता तू जेवढा उरलास तेवढा ह्या चकतीत हायस.

काल भावजी मुखेडला दुकानात दाखवून आले. म्हणले, "वहिनी, सीडी चांगली हाय. पण आत गाणी न्हाईत, फायली हायत."

"फायली तहसीलात असत्यात, भावजी."

मग त्यांनी नीट सांगितलं. बाळू लातूरच्या दुकानात म्हणला होता, सगळा आबा एकाच सीडीत बसवा. म्हून गाणी दाबून दाबून भरली. ते नव्या मशीनला कळतंय, आपल्या जुन्याला न्हाई. मुखेडवाला जुन्या पद्धतीची करून देतो म्हणतोय, पण तशीत थोडीच गाणी बसत्यात. अन् बाळूनं फायलींना नावं दिली न्हाईत, नुसते आकडे हायत. पाळण्याची सनई कोणती, ते त्या एकट्याला ठाऊक. एवढा शिकायलाय, नाव टाकायला काय झालं होतं त्याला?

सासूबाई म्हणल्या, "जीवाला किती लावून घेतीस? ब्याण्डवाल्याला सांगू."

"ब्याण्डवाला माझा बाप हाय व्हय, आत्याबाई?"

त्यांनी पोरीचं दुपटं सारखं केलं अन् उठून गेल्या.

आबा, भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडात होतो. काकूला पोरगी झाली. तू पाळण्यापाशी सनई धरलीस तर लोकं अंगावर आली. एवढी माणसं गाडली गेली अन् वाजवतोस? तू म्हणलास, "रडायला सगळं गाव हाय. हिच्यासाठी कोण हाय?" अन् वाजवलंस. आधी बोलणारेच मग पाळण्याला हात लावून गेले.

तीच चाल मी पोरीला गुणगुणते. पयला भाग येतोय. पुढं चाल वळती तिथं अडते. लई भ्या वाटतंय आबा. आत्ताच अडायलेय, तर ही मोठी होईपर्यंत माझ्याकडं काय राहील? जायच्या आधी एकदा समोर बसवून शिकवायचं तरी होतंस.

बारसं होईपर्यंत बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत न्हाईत. न्हाईतर मीच गेले असते, पोरगी कडेवर घेऊन. भावजी परत मुखेडला जायलेत, पण ते वेशीपर्यंत निम्मं विसरत्यात. म्हून सीडी ह्याच कागदात गुंडाळून देते.

तुला शब्द देते. पोरीच्या कानात तिच्या आत्यानं नाव सांगायच्या आधी तुझी सनई पडंल. तोवर मी पाळण्याची दोरी हातात धरणार न्हाई. कुणी काय बी म्हणू दे.

तुझी,
सुमी

दुकानात हा कागद जो कुणी उघडंल त्यांना हात जोडून सांगते. सीडीच्या पाकिटामागं बाळूच्या खोलीमालकाचा नंबर हाय. दुपारी बाळू खोलीवर जेवायला येतोय. माझ्या भावाला तेवढा फोन लावा अन् विचारा, पाळण्याची कोणती.