‘इस्त्री करताना’ची वाटणी

मी, कवळ्या करणारा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्याच अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ऐकू थोडे कमी येते, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगा आणि मुलगी दोघेही ‘बाबा, इतक्यात कशाला’ म्हणून विषय बदलत राहिले. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम एक. राहते घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. बँकेतली शिल्लकही तशीच. यावरून दोघांत भांडण होणार नाही, कारण दोघेही आईवर गेले आहेत. अंमलबजावणी मुलीने करावी. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि ऐकत नसलेल्या माणसांकडून काम करून घ्यायची तिला सवय आहे.

कलम दोन. पॉलिशची मोटर, मेणाच्या सुऱ्या, ब्रश आणि दातांच्या रंगांची पट्टी माझ्या हाताखाली तयार झालेल्या कारागीर बाईंना द्यावी. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, नाहीतर त्या डोक्यावर बसल्या असत्या. आता खुशाल बसावे. कपाटातले प्लास्टरचे साचे मात्र टाकून द्यावेत. दुसऱ्यांचे जबडे घरात ठेवून कोणाचे भले झालेले नाही.

कलम तीन. माझी थोरली बहीण, आक्का, हिला माझा जुना बटणांचा टेलिफोन. याचे कारण नोंदवून ठेवतो. आमच्याकडे पहिल्यांदा इंटरनेट आले ते टेलिफोनच्या तारेतून आले. मध्येच कोणी फोन उचलला की ते तुटायचे. आक्का तेव्हा आमच्याकडेच राहायची आणि त्याच तारेवरचा दुसरा फोन तिच्या खोलीत होता. माझे एखादे गाणे इंटरनेटवरून संगणकात जवळजवळ उतरून होत आले की नेमकी तिला मैत्रिणीची आठवण व्हायची. मी ओरडलो की म्हणायची, “फोन आहे की काचेचं भांडं? हात लावायचा नाही म्हणजे काय?” हा टेलिफोन आता कशालाच जोडलेला नाही. तिने तो मनसोक्त उचलावा. त्याच्यासोबत माझा रागही मी सोडून देत आहे. तो तसा फार पूर्वीच सुटला होता, ते कलम चारमध्ये येईल.

कलम चार. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी ते कमी करायला सांगितले होते. मी त्यांना सांगितले की मरणार मी आहे.

त्या काळी एक सेवा होती, तिचे चिन्ह कबुतराचे होते. आपल्या संगणकातला एक कप्पा सगळ्या जगाला उघडा ठेवायचा, आणि जगाने आपला. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या घरातून गाणे निघायचे आणि माझ्या मागच्या खोलीत यायचे. गाण्यांचे मालक पुढे कोर्टात गेले. त्यांचेही काही चुकले असे मी म्हणत नाही. पण मी कवळ्या घासत बसलेला आणि शेजारच्या पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकते आहे, या सुखाला तोड नव्हती. तिथे एक रीत होती. आपले घेऊन झाले की मशीन लगेच बंद करायचे नाही. कोणी तरी आपल्याकडून घेत असेल, त्याचे पुरे होऊ द्यायचे. घेऊन पळणाऱ्यांना तिथे कोणी मान देत नसे.

माझी पत्नी इस्त्री करताना गायची. गाणे तिच्या आईकडून आलेले, कुठे छापलेले नाही. ती गायिका नव्हती. दुसऱ्या ओळीत तिचा स्वर हमखास घसरायचा आणि तिला त्याचे काही वाटायचे नाही. एका दुपारी मी कपड्यांच्या ढिगामागे माइक ठेवून ते गाणे घेतले. ते मी उघड्या कप्प्यात ठेवणार म्हटल्यावर ती म्हणाली की खुशाल ठेवा, पण भलतेसलते नाव देऊन लोकांना फसवू नका. म्हणून नाव ठेवले ‘इस्त्री करताना’. त्या नावाचे गाणे शोधणार कोण? पुष्कळ दिवस कोणीही घेतले नाही. मग ‘झोपमोड’ या नावाच्या कोणी तरी ते नेले. आम्हा दोघांना त्याचे एवढे कौतुक वाटले की त्या दिवशी इस्त्री तशीच राहिली.

पत्नी गेली त्याच वर्षी विजेच्या झटक्याने माझा संगणक जळला. दुसरी प्रत ठेवायची अक्कल मला नव्हती. तिचा आवाज तेव्हा दुसऱ्यांदा गेला. नवे मशीन आणले आणि झोपमोडला चार ओळी लिहिल्या. उत्तर आले, “आहे माझ्याकडे. मशीन चालू आहे, सावकाश घ्या.”

दोनदा तुटले. दोन्ही वेळा आक्काने फोन उचलला होता. मी रागाने बोलायचे सोडून रडायलाच लागलो, तेव्हा तिला कळले की काय उतरते आहे. तिसऱ्या वेळी तीच फोनसमोर खुर्ची टाकून बसली. गाणे पुरते येईपर्यंत तिने घरात कोणाला त्या फोनजवळ फिरकू दिले नाही. झोपमोडने तेवढा सारा वेळ आपले मशीन चालू ठेवले. पुढे ती सेवाच बंद पडली. तो बाप्या होता की बाई, कुठल्या गावचा, मला ठाऊक नाही. जगात माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांत आईवडिलांनंतर त्याचा नंबर लागतो.

कलम पाच. गेल्या वर्षी मला मेल आला. वर तेच कबुतर. शाळेतला मित्र रस्त्यात भेटावा तसा मी हरखलो, मुलाला फोन करून सांगितले. उघडून पाहिले तर कबुतर तेच, घर दुसऱ्याचे. कोणी तरी ते नाव विकत घेऊन तिथे डिजिटल संग्रहवस्तूंचा बाजार मांडला होता. चित्र असो, गाणे असो, त्याचा एकच मालक. त्याला तसा दाखला मिळणार आणि बाकीच्यांनी चमचाभर नमुना चाखून पुढे जायचे. जुन्या दिवसांच्या आठवणी काढत लोक तिथे गर्दी करत होते. मीही केली असती.

माझा मुलगा जाहिरातीच्या धंद्यात आहे. त्याने आईचे गाणे माझ्या संगणकातून घेतले, साफ केले आणि तिथे मांडले. मग मोठ्या आनंदाने मला दाखवायला आला.

“बाबा, आईचं गाणं जगात एकमेव आहे. त्याला एकच मालक मिळणार.”

“एकच मालक असता, तर आज ते तुझ्याकडे नसतं,” मी म्हणालो.

कोणी बोली लावायच्या आत त्याने ते गाणे काढून घेतले, एका शब्दाने वाद घातला नाही. आपल्या आईला जगाने मोठे म्हणावे, एवढेच त्याच्या मनात होते. ते मला समजते, आणि त्याचे मी इथे लेखी आभार मानतो.

कलम सहा. ‘इस्त्री करताना’ हे गाणे मी कोणा एकाच्या नावे करत नाही. मुलीला प्रत द्यावी, आक्काला द्यावी, मागेल त्याला द्यावी, कशाला हवे ते विचारू नये. त्याचा दाखला, लिलाव किंवा एकट्याची मालकी कोणीही करू नये. झोपमोड नावाचे कोणी कधी दारात आले, तर त्यांना बसवून चहा द्यावा.

कलम सात. मागच्या खोलीतला संगणक, उघड्या कप्प्यासह, मुलाला. विकायला निघालेल्याच्या हाती मी तो का देतो, असे मुलगी विचारेल. वाटायला बसवले की माणूस वाटायला शिकतो, म्हणून.

आणि बाळा, एक काम फक्त तुझे. गाणे साफ करताना तू इस्त्रीची फुसफुस काढलीस, आणि गाणे संपते तिथून पुढचे न ऐकताच कापलेस. पूर्ण प्रत संगणकात आहे, झोपमोडकडून आली तशी. गाणे संपल्यावर बंद करू नकोस. थोडा वेळ नुसती वाफ ऐकू येते. मग ती मला म्हणते, “अजून चालूच आहे का हो ते? असू द्या. पोरगा तापात झोपलाय, उठला की ऐकवा त्याला.”

तू उठलास तेव्हा ताप उतरला होता. तू खेळायला पळालास आणि ऐकवायचे राहून गेले. आता ऐक. मशीन चालू आहे, सावकाश घे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिले : कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. यांना साक्षीदार म्हणून मृत्युपत्रातून काही देता येत नाही, याचे आम्हा दोघांनाही वाईट वाटले. (सही)

साक्षीदार दुसऱ्या : वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपाल बाई. सहीआधी गाण्याची प्रत मागितली, दिली. (सही)

दिनांक : सहीशेजारी, वकीलबाईंच्या अक्षरात.

ठिकाण : मागची कामाची खोली. मशीन चालू.