आधी काढलेलं

विश्रांतवाडी, पुणे
१२ मार्च २००६

चि. बुद्धभूषण यास,
ताईचे आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

आई एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, की आधी काढून ठेवलं असेल तर ताट आणते, मागं राहिलेलं असेल तर परत न्या. तू लहान होतास. रस्त्यापलीकडच्या बंगल्यात लग्न झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी जिलेब्यांची पाटी घेऊन आला होता. पाटी परत गेली, तू संध्याकाळपर्यंत रडलास. अजूनही जिलेबी दिसली की तुझा चेहरा तसाच होतो.

हे आठवलं ते तुझ्या कंपनीमुळे. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते. पत्रात निदान तू मध्ये बोलत नाहीस.

आमच्या अन्नपेढीत सकाळी मार्केट यार्डातून न विकलेली भाजी येते, व्यापारी ज्वारी आणि मूग देतात. सुशीलाबाई आणि वस्तीतल्या बायका ते निवडून शिजवतात. मग बालवाड्यांतल्या पोरांना उसळ-भाकरी, शेंगदाण्याचा लाडू आणि आठवड्यातून दोनदा अंडं मिळतं. तुम्ही पूर्वी क्रीमच्या बिस्किटांचे खोके पाठवलेत, तर पोरं भाकरी ढकलून द्यायला लागली. ती चव उतरवायला आम्हाला पूर्ण पावसाळा लागला. पण उन्हात अंडी आणि दही टिकत नाही म्हणून तुमच्या कंपनीनं थंड पेटीची गाडी कबूल केली, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता.

परवा शुक्रवारी तुमच्या पुण्याच्या ऑफिसात पार्टी झाली. काल सकाळी टेम्पोतून डबे आले. झाकणावर ‘प्रेमपूर्वक’ लिहिलं होतं. पुलावात डाव घातला तर दात लागलेला कबाब वर आला. मग लिपस्टिक पुसलेला कागदी रुमाल. केकच्या डब्यात कुणीतरी सिगारेट विझवली होती. सुशीलाबाई म्हणाल्या, की यांच्या कुत्र्याला तरी वेगळी ताटली असेल. मी झाकणं लावली, त्याच टेम्पोत डबे चढवले आणि वर चिठ्ठी चिकटवली, की आपलं काही राहिलं होतं, परत पाठवत आहे.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. पायलला आत्याचा पापा. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकव.

तुझी,
नंदाताई


बेंगळुरू
१८ मार्च २००६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या पत्राआधी तुझी चिठ्ठीच पोचली. कुणीतरी फोटो काढून सगळ्यांना ईमेल केला. दोन दिवस कॅन्टीनमध्ये लोक मला विचारतायत, की तुमच्या पुण्यात सगळे असेच का रे भूषण. मी म्हणालो, की सगळे नाहीत, काही जण याहून वाईट आहेत. ती बाई माझी सख्खी बहीण आहे हे इथं कुणाला माहीत नाही. तुझं सासरचं आडनाव कामी आलं.

डबे भरणाऱ्या ठेकेदारानं ताटांतलं आणि भांड्यांतलं एकत्र केलं. चूक त्याची, कंपनीची नाही. आणि रागावू नकोस, पण मार्केट यार्डातली मेथीही राहिलेलीच असते ना? भुकेला सगळं सारखंच. साहेबांचं म्हणणं आहे, की संस्थेनं दोन ओळींचं क्षमापत्र द्यावं आणि दर शुक्रवारी ऑफिसातलं उरलेलं जेवण घेत राहावं. नाही तर गाडी दुसऱ्या संस्थेला जाईल. वीस एप्रिलला कार्यक्रम आहे, किल्ली द्यायला मीच येतोय. माझ्यासाठी एवढं कर.

पायल लाडू मागते आहे. क्षमापत्राबरोबर पाठव.

तुझा,
भूषण


विश्रांतवाडी
२५ मार्च २००६

चि. बुद्धभूषण यास,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

लाडू आजच पार्सलनं टाकले. क्षमापत्र त्यात नाही, खोका उलटा करून बघू नकोस.

न विकलेल्या मेथीला कुणी तोंड लावलेलं नसतं, एवढंच सांगते. पण भुकेचं तू लिहिलंस ते मला लागलं. बालवाडीत जया म्हणून एक आई येते. डबे परत गेले त्या दिवशी ती फाटकाशी होती. तिनं मला हळूच विचारलं, की ताई, खालचा चांगला भात तरी काढून घेतला असता तर? मी फाटक लावून आत आले. कबाबापेक्षा तो प्रश्न मला जास्त सलतोय, कारण तिला असं विचारायला लागावं हे आपणच सगळ्यांनी मिळून घडवलंय.

ऊन वाढलंय. मंगळवारी आलेली अंडी गुरुवारपर्यंत वास मारायला लागली, सगळी फेकली. म्हणजे गाडी मला हवी आहे, हे लपवत नाही. शुक्रवारचं जेवणही घेते. फक्त एक करा. स्वयंपाक झाला, की तुमच्या लोकांची पहिली पंगत बसण्याआधी आमचं एक पातेलं काढून ठेवा. तेच अन्न, तेवढंच, नुसतं आधी. खर्च एका पैशाचा वाढत नाही. हे साहेबांना विचार.

उन्हात टोपी घालत जा, तुझे केस राहिलेत किती.

तुझी,
नंदाताई


बेंगळुरू
३ एप्रिल २००६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

लाडू पोचले, पायलनं मला एकच दिला.

मी विचारलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, म्हणजे तू म्हणणार नाहीस की टाळलं. साहेब आधी हसले. मग म्हणाले, की म्हणजे आमच्या इंजिनिअरांनी वस्तीच्या मागून उरलेलं जेवायचं का? सगळे हसले. ताई, मीही हसलो. तिथं एकट्यानं गप्प बसलं तर लोक तोंडाकडे बघतात.

मनावर घेऊ नकोस. त्यांना ते सगळं माहीत नाही, आपल्या घरातलं. ठेकेदार बदललाय, आता ताटांतलं येणार नाही. वीस तारीख ठरली आहे. दोन ओळी लिही आणि विषय संपव.

तुझा,
भूषण


विश्रांतवाडी
९ एप्रिल २००६

चि. बुद्धभूषण यास,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

पत्र दोनदा वाचलं आणि मग हात धुऊन आले. का ते मलाही कळलं नाही.

तुझ्या साहेबांना काही माहीत नाही असं तू लिहितोस. मला तर वाटतं, आई जे म्हणाली ते तिच्यानंतर नेमकं त्यांनाच कळलं. दुसऱ्याच्या मागून उरलेलं खाणं म्हणजे काय, हे त्यांना एका क्षणात कळलं, म्हणून तर हसले. पातेलं तेच, भात तोच. नुसता क्रम बदलला तर त्यांच्या घशाखाली उतरत नाही, आणि आमच्या पोरांनी मात्र तो प्रेमपूर्वक खायचा.

आपली आजी गावात दारोदार पाटी घेऊन उभी राहायची. घरातल्यांचं जेवून झालं, की वरून पाटीत टाकायचे. छप्पन साली धम्म घेतला त्या आठवड्यात आईनं ती पाटी चुलीत घातली. आजी रडली, कारण दुसऱ्या दिवशी घरात खायला नव्हतं. तरी तिनं नवीन पाटी विणली नाही. हे तुला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा तूच सगळ्यांना सांगितलंस, आणि तेव्हा तुझा आवाज कापला नव्हता.

वस्तीत जयंतीची तयारी चालली आहे, पोरं लेझीम शिकतायत. काल जयाच्या मुलानं एवढंसं अंडं सोलून आधी आईला चाखायला दिलं. ती माझ्याकडे बघून ओशाळली. गाडी आली तर हे उन्हाळाभर चालेल, नाही आली तर पुढच्या आठवड्यात बंद. मी दगड नाही, भूषण.

म्हणून ऐक. क्षमापत्र मी लिहीन, दोन नाही, चार ओळींचं, माझ्या अक्षरात. शुक्रवारचे डबेही उघडीन. त्या बदल्यात वीस तारखेला किल्ली देताना माइकवर तू तुझं नाव पूर्ण सांग, बुद्धभूषण. ही बाई माझी सख्खी बहीण आहे असं सांग, आणि आपल्या आजीच्या पाटीचं सांग, साहेब पहिल्या रांगेत बसलेले असताना. तू नाही म्हणशील, हे पाकीट चिकटवण्याआधीच मला माहीत आहे. तरी मागते आहे, रे. सांगशील का?

तुझी,
नंदाताई