फुलदाणीचं बूड

दि. २ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर, एवढंच.

मला दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी मिळते आहे. महिनाअखेर होकार कळवायचा आहे. आईने तुझ्याकडे राहावं म्हटलं, तर तिचं पालुपद तेच. तू गेल्यावर तिला माळ्यावर सापडलेली, पणजोबांनी स्वतः फुंकून घडवलेली निळी फुलदाणी प्रवासात फुटेल, आणि मागे ठेवली तर तिच्याकडे बघणार कोण? दादा, त्या एका भांड्यापायी मी इथे अडकून पडले आहे. जीव गुदमरतो रे.

तू संग्रहालयात जुन्या काचेची वयं ठरवतोस. (बायकांची नाही, नशीब!) फोटो सोबत आहेत, बुडाचासुद्धा. ती पणजोबांची नसेल तर आईचा हट्टच संपेल. खरं काय ते कळव.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.

तुझी,
चिमणी

दि. ११ ऑगस्ट

चि. चिमणीस अ. उ. आ.

फुलदाणी पणजोबांची नाही. तिच्या अंगावरून एक बारीक रेघ थेट ओठाच्या काठापर्यंत गेली आहे, ती साच्याची शिवण. हाताने घडवलेल्या काचेच्या बुडाला, घडवताना धरायला चिकटवलेला लोखंडी दांडा मोडून काढल्याचा वण असतो, तोही इथे नाही. कारखान्यातला माल आहे, तुझ्याहून लहान.

बुडावरच्या ओरखड्यांनी मात्र मला आधी चकवलं. खऱ्या जुन्या भांड्यावर ते वेडेवाकडे असतात. हे सगळे एकाच दिशेचे. तू रोज ती कपाटातून पुढे ओढतेस, पुसतेस, मागे सरकवतेस ना? ही झीज तुझी आहे गं. हे लिहिताना मला फार वाईट वाटलं.

आईला सांग आणि सामान बांध. तिची खोली मी आवरून ठेवतो.

लोभ आहे म्हणूनच दादागिरी करणारा,
दादा

दि. २४ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, तिला ठाऊकच होतं. तू नोकरीसाठी घर सोडलंस त्या वर्षी तिनेच ती बाजारातून आणली होती. तुला अडवता आलं नाही; घरात जपायला काही असलं तर निदान मी तरी राहीन, असं तिला वाटलं.

मी खूप चिडले, नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली की आता अडवायला तिच्याकडे काही उरलेलं नाही, मी जावं.

होकाराचं पत्र लिहून झालं. आज सकाळी ते टाकायला निघाले, चपलाही घातल्या. मग परत फिरून कपाट उघडलं, फुलदाणी पुढे ओढली, पुसली, मागे सरकवली. आईने सांगितलं नव्हतं. ती नुसती बघत होती.

पत्र अजून टेबलावरच आहे. लोभ असू दे, पण या वेळी उत्तर धाडू नकोस. तूच ये आणि मला बाहेर काढ.

तुझी,
चिमणी