उडता येत असूनही मी लिफ्टची वाट पाहिली

तीर्थस्वरूप अण्णांना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, उरलेला समजून घ्यावा).

आम्ही इकडे मजेत. तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढताना हल्ली दुखत नाही, कारण तुम्ही जिने चढणंच सोडलंय, असं ताई फोनवर म्हणाल्या. उपाय हेडमास्तरांना शोभेसाच आहे. पत्रास कारण की, सोमवारपासून मी महाबली झालो आहे.

हसू नका. तुमची बबडी कंपनीत व्हिडिओ गेम बनवते (हो, तेच, ज्याला तुम्ही पोरखेळ म्हणालात आणि ज्यावरून बापलेकीत चार महिने अबोला आहे), त्यातला नवा गेम तिने मला पाठवला. अख्खं शहर मोकळं; वाटेल तिकडे उडा, भिंती फोडा, गुंडांना बडवा. साठी उलटलेल्यांनाही हा जमेल, असं तिने साहेबांना छातीठोक सांगितलंय. शुक्रवारपर्यंत पहिली मोहीम फत्ते झाली नाही तर तिचं तिथे हसं होणार. म्हणजे पोरीची अब्रू माझ्या दोन अंगठ्यांवर, आणि ते अंगठे एकतीस वर्षं लिफ्टच्या ग्रीसमध्ये मुरलेले.

मोहीम अशी: चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर खलनायक बाँब घेऊन उभा. खाली मी, निळ्या घट्ट पोशाखात (पोट दिसत नाही, हीच गेमची खरी जादू). दुसरा कोणी सरळ उडाला असता. मी सवयीने आत शिरलो आणि लिफ्टचं बटण दाबलं. चाळीस मजल्यांना एकच लिफ्ट! डोकंच फिरलं, पण म्हटलं थांबू. वीस मिनिटं थांबलो. बाहेर स्फोट होतायत, लोक ओरडतायत, आणि मी आपला दाराला कान लावून दोर कुठे घासतोय का ते ऐकतोय. शेवटी तुमच्या मेहुणीने भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, तुम्हाला उडता येतं ना?"

येतं हो! पण वर जायचं बटण सापडलं तरी थांबायचं सापडायला हवं ना? गच्ची मागे पडली, खलनायक मागे पडला (त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं), ढगही संपले, आणि मग मी जो कोसळलो तो थेट एका पावाच्या दुकानावर. असं पाच वेळा झालं. दुकानदार मला लांबून ओळखू लागला. सहाव्यांदा घाईत बसथांब्यावरच्या आजींनाच ठोसा लागला. माफी मागायचं बटण अख्ख्या गेममध्ये नाही, हे मी अहवालात लाल शाईने लिहिलंय. मन रमेना म्हणून मंगळवार-बुधवार शहरातल्या लिफ्ट तपासल्या. एकशे बारा. एकही चालू नाही, दारं नुसती रंगवलेली! खलनायक या शहराचं आणखी काय वाकडं करणार?

आज गुरुवारी मात्र गच्चीवर पाय टेकले. खलनायक लोळवला. आणि पडद्यावर सूचना आली की बाँबच्या दोन तारा एकाच वेळी कापायच्या आहेत, जोडीदाराला बोलवा. घ्या! कपाळावर हात मारला आणि पत्र लिहायला बसलो.

तुमचा,
थकलेला महाबली

ता. क. जोडीदार म्हणून हिला घेऊन पाहिलं. "तारा अशा कापतात होय?" म्हणत तिने मला गच्चीवरून ढकललं. चुकून, असं तिचं म्हणणं.

आणखी ता. क. खरी गोष्ट लिहायची टाळत होतो. माझ्या पोशाखावर पहिल्या दिवसापासून एक नाव आहे. मला वाटलं, कारखान्यातूनच आलं असेल. आज नीट चष्मा लावून वाचलं: 'अण्णा'. बबडीला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. हे खातं तिने चार महिन्यांपूर्वी तुमच्यासाठी उघडलं होतं. तुम्ही पोरखेळ म्हणालात, मग ते तसंच राहिलं. जोडीदाराच्या जागी तिचंच नाव आहे.

उद्या संध्याकाळी सात वाजता ती त्या गच्चीवर माझी वाट पाहणार आहे. मी जाणार नाही. आमच्या जावयाच्या हाती पत्रासोबत सगळं यंत्रही पाठवलंय. तो जोडून देईल. तुम्ही तर सत्तरीचे, साहेबांपुढे तिची बाजू उलट भक्कमच होईल. कानाला लावायचं ते लावा. ती विचारेल, "काका, आलात का?" काका आले नाहीत, एवढं तिला तुम्हीच सांगा.