निकालाच्या फाईलचा पत्ता

२० एप्रिल २०२५, सकाळी ६.१०
शाळेच्या वेबसाइटवर १ मेला निकाल लावायचं काम संस्थेचे चेअरमन हंबीरराव यांनी माझ्यावर टाकलंय. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवतोय. ३ मेला कायम जागेची मुलाखत. निकाल नीट लागला की जागा माझीच. चार दिवसांचं काम. तीन दिवसांत उडवणार.

२४ एप्रिल
झालं. घरच्या मशीनवर मुख्य पानावरून निकाल फटाफट दिसतोय. बायकोला दाखवला. संयोगिता भाकरी थापत होती, लांबूनच बरं म्हणाली. टेक्निकल गोष्टींत तिला रस नाही.

२५ एप्रिल
सर्व्हरवर चढवलं. मुख्य पानावरून निकालाची फाईल सापडते, आठवीच्या पानावरून सापडत नाही. फाईल तीच, जागा तीच. दोष पीएचपीचा, म्हणजे वेबसाइट जिच्यात लिहिलीय त्या भाषेचा आहे. अशा भाषेत काम करायचं म्हणजे डोक्याला ताप.

२६ एप्रिल
गणिताच्या नंदिनी मॅडमनी न विचारता डोकं घातलं. म्हणाल्या, तुम्ही पत्ता 'इथनं २०२५ च्या फोल्डरात शिरा' असा दिलाय. पण 'इथनं' म्हणजे तुमची फाईल आहे तिथून नव्हे, पान जिथून उघडलं तिथून. मंगळवार पेठेतलं घर दुसऱ्याच गावात, गारगोटीच्या स्टँडवर उभं राहून शोधल्यागत. पत्त्याआधी फाईलचा स्वतःचा फोल्डर सांगणारा एक शब्द घाला की सर, पाच मिनिटांचं काम हाय.
पाच मिनिटं! मुद्दाम म्हणाल्या. मग मी काय नऊ वर्षं गवत उपटत होतो? शब्द घालणार नाही.

२८ एप्रिल
माझी स्वतःची पद्धत काढली. पत्ता द्यायचाच नाही. फाईलचं नुसतं नाव सांगायचं आणि पीएचपीला सगळ्या फोल्डरांची यादी द्यायची. शोध तुझं तू. यादी शिस्तीत लावली, आधी २०२४, मग २०२५. एरर गायब. नंबर १ टाकून बघितला, 'उत्तीर्ण' आलं. आणखी काय बघायचं?
मॅडमनी विचारलं, दोन्ही फोल्डरांत एकाच नावाची फाईल नाही ना? जळतात.

१ मे, दुपारी १
झेंडावंदन झाल्यावर हंबीररावांनी माइकवर माझं नाव घेतलं. मोठ्या पडद्यावर नातवाचा, ऋतुराजचा नंबर टाकला. पडद्यावर आलं: प्रियदर्शनी, उत्तीर्ण, शिवणकाम अ.
गेल्या वर्षीचा निकाल. पीएचपीला २०२४ मध्येच फाईल सापडली, पुढं बघितलंच नाही. शाळा सोडून गेलेली सगळी पोरं पुन्हा आठवी पास.
हंबीरराव म्हणाले, "मास्तर, ही पोरगी आमच्या घरात कधी जन्मली?"
सगळं मैदान हसलं. तसं बघितलं तर सिस्टिम चालली, वर्ष तेवढं चुकलं. मॅडमनी उभ्या उभ्या जुना पत्ता परत लिहून त्याआधी तो शब्द घातला आणि निकाल लागला. चारच मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो.

३ मे, संध्याकाळी ७
मुलाखत झाली. उमेदवार मी एकटाच. कमिटीनं जागा रिकामी ठेवायचं ठरवलं. जूनपासून परत तासिका. गाडीवर रडू आलं, हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.
घरी सांगितलं, वेटिंग लिस्टला पहिला नंबर आहे.
संयोगितानं विचारलं, "दुसरा कोण हाय?"
मी म्हणालो, "अजून कोण न्हाय."