सासूबाईंनी निवडलेले किडे

ती. तोमोयासु दादांस,

किसाबुरोचा कमरेत वाकून नमस्कार. (मुद्दाम वाकलेलो नाही, परवापासून कंबर सरळच होत नाही. त्यातच आपल्याविषयीचा आदर धरून घ्यावा.)

ओसाकात सर्व कुशल असेल. इकडे आपल्या मातोश्रींची अन्नावरची वासनाच उडाली आहे. पेजेची वाटी ओठाला लावतात आणि परत करतात. चार दिवसांपूर्वी मात्र लेकीला, मित्सुएला म्हणाल्या, "नदीतले किडे खावेसे वाटतात गं, सोया-साखरेत शिजवलेले."

आता माझं आपल्याला ठाऊकच आहे. दगडाखालचे हे किडे म्हणजे ट्राउट माशांचं जेवण; कोंबडीची पिसं आणि दोरा गुंडाळून मी गळावर त्यांचीच नक्कल करतो. गावकरी दर हिवाळ्यात ते जाळ्याने धरून खातात, म्हणून मच्छीमार संघाकडे तक्रारी करणाराही मीच. त्याच संघाच्या खिडकीशी किडे धरायचा परवाना मागत उभा राहिलो. आतला हिरोता म्हणाला, "काय हो किसाबुरोसान, माशांच्या तोंडचा घास आता तुम्हीच काढणार?" मी म्हटलं, "सासूबाईंसाठी." त्याने लगेच शिक्का मारला.

दगड कुठला उलटायचा ते मला पक्कं ठाऊक (त्या बाबतीत मी आणि मासे एकाच शाळेतले). पण जाळं धरून दगड उलटायला दोन हात पुरत नाहीत, हे कोणी सांगितलं नव्हतं. तेनर्‍यू नदीच्या पाण्यात घसरून बसलो तो गळ्यापर्यंत. टोपीला खोचलेला माझा नमुन्याचा नकली किडा (गळ नसलेला) तेव्हाच जाळ्यात पडला असावा.

घरी किडे निवडायला मातोश्री स्वतः उठून बसल्या. दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपत होत्या. एक उचलून म्हणाल्या, "मित्सुए, हा कोंबडीचा आहे." ज्याला नदीतले मासे भुलतात त्याला! आणि मग हसल्या, दादा. तोंडावर हात धरून, खोकला येईपर्यंत हसल्या. शिजवलेले अर्धी वाटी खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. (मित्सुएला सांगितलं, कंबर दुखते.)

एकूण सुधारणा आहे. रस्त्यावर बर्फ फार, तेव्हा आपण येण्याची दगदग करू नये.

आपला,
किसाबुरो

ता. क. सोबत डबीभर किडे पाठवतो आहे. मातोश्रींनी स्वतःच्या हाताने भरले.

पुन्हा ता. क. डबी पाठवत नाही. टपालात टाकायला निघालो, तर मातोश्रींनी हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "टपालाने कशाला? तोमो शाळेतून येईलच एवढ्यात." मित्सुए "हो, येईलच दादा" म्हणून बसली आहे. बर्फाचं लिहिलं ते खोडलं असं समजा, आणि या.