मीटर नको, कान पुरे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
कारभारीच्या (मेव्हणा, पिशोर) गिरणीची मोटार रिवाइंड करून तयार. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. एकदम ओके. एकतीस वर्षं असंच तपासतो. ना मीटर, ना कोर्स, ना गुरू. वडील डोंगरापलीकडून आपल्या मेंढीची घंटा ओळखायचे. कान खानदानी आहेत.

सायं. ५.४०
प्रेरणा (मुलगी, वय ९ वर्षं ४ महिने) शाळेतून दुकानात आली. म्हणते, पप्पा, ही बारीक चीं-चीं करतीय. करत नाही. तीनदा ऐकलं. बायको म्हणाली, बेअरिंग बदला की, माझ्या भावाची मोटार आहे. बदललं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ फेब्रुवारी
मोबाइलवर वाचलं : लहान मुलांचा मेंदू येईल तो आवाज आत घेतो, मोठ्यांचा निवडून घेतो. झालं! चीं-चीं माझ्याकडेही आली असणार. मेंदूनं फालतू म्हणून परत पाठवली. प्रेरणाला समजावलं. तिनं विचारलं, मग आईची हाक पण परत पाठवतो का? उद्धट. पण प्रश्न शास्त्रीय होता.

५ फेब्रुवारी
मोटार पिशोरला रवाना. गॅरंटी एक वर्ष, लेखी. क्रांती चौकातल्या पेंटरला दुकानाचा बोर्ड सांगितला : 'मीटर नको, कान पुरे.'

११ फेब्रुवारी
कारभारीचा फोन. गिरणी सुरू झाली की दळणाबरोबर आलेली पोरं कानावर हात ठेवतात, मोठ्यांना काहीच कळत नाय. म्हटलं, अगदी बरोबर! पोरांना गिरणीत येऊ देऊ नका.

१३ फेब्रुवारी. दुपारी १२.०५
बेअरिंग जाम. मोटार जळाली. कारभारी टेम्पोत टाकून घेऊन आला. चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला, दाजी, गावात लई नाचक्की झाली! माझ्या भाचीला ऐकू येतं अन् तुम्हाला नाय व्हय? (बायकोनं सगळं सांगितलेलं.) मेंदूचं शास्त्र समजावू लागलो. त्यानं हात जोडले. दोन गिऱ्हाइकं आपापल्या मोटारी उचलून गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मोटार पुन्हा रिवाइंड केली, बेअरिंग नवं. ऐकली. ओके. तरी सव्वापाचपर्यंत टेम्पो थांबवला. प्रेरणानं मूठ कानाला लावली, डोळे मिटले, मान डोलावली. मग मोटार चढवली. योगायोग.

पेंटर बोर्ड घेऊन आला. अक्षर सुंदर. एकही शब्द मागं घेतलेला नाही. फक्त खाली एक ओळ वाढवायला सांगितली : 'मोटार तपासणी शाळा सुटल्यावर.'